पपा सकाळी ओळखतात, संध्याकाळी नाही. पेशी मेली असेल तर सकाळी परत कशी येते?

जेलरोडकर
सोमवार, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचतोय, आज लिहायला बसलो. लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

पपा ७३ वर्षांचे. ३४ वर्षं नोट प्रेसला (नोटा छापतात तिथे), त्यातली बरीचशी मोजणी-तपासणीत. नाशिकरोडला प्रेसवाल्यांच्या घरात वाढलेल्यांना सांगायला नको, शिफ्टच्या वेळेवर अख्खं घर चालायचं आणि दुधाच्या हिशोबात आठ आणे चुकले तरी पपांना झोप यायची नाही. असा माणूस दोन वर्षांपूर्वी गंगेवर (म्हणजे आपल्या गोदाकाठी) बुधवारच्या बाजाराला गेला, मेथीच्या तीन जुड्या घेऊन आला आणि तासाभराने पिशवी उचलून म्हणे मेथी आणायची राहिली. हसलो आम्ही तेव्हा. मग एकदा शालिमारच्या स्टॉपवर दीड तास बसून राहिले, कुठली बस धरायची तेच सुचेना. जिथून जन्मभर बस पकडली तो स्टॉप.

पहिल्या डॉक्टरांनी (नाव नको) वय झालं की होतंच म्हणून टॉनिक दिलं, त्यात आठ महिने गेले. आता मेंदूवाल्या डॉक्टरांकडे नेलं, एमआरआय झाला, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं तर बारा आकडे सगळे एका बाजूला गर्दी करून. अल्झायमर म्हणाले. हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला नवीन आठवणी धरणारा भाग, आक्रसलाय म्हणाले. आणि उठता उठता एक वाक्य बोलले की पेशी जाण्याच्या आधी पेशींमधल्या जोडण्या जातात. बाहेर चाळीस पेशंट, पुढे विचारायची हिंमत झाली नाही.

तर प्रश्न असा. सकाळी पपा मला नावाने हाक मारतात, दूध आणलं का विचारतात, एकदम नॉर्मल. संध्याकाळी मी अंबडहून कामावरून येतो तर दारात उभे राहून विचारतात, "कोण पाहिजे आपल्याला?" आपल्याला! इतक्या आदराने की मारलं असतं तर कमी लागलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत माझं नाव. आई म्हणते नाटकं करतात, मुद्दाम. मला नाटक वाटत नाही पण मग समजतही नाही. मेलेली पेशी सकाळी परत जिवंत होते का?


द्वारका_जाम
सोमवार, रात्री ११:२०

दादा वाचून गलबलून आलं. माहिती मला शून्य आहे पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय. त्या सूक्ष्मदर्शी ताई कुठे आहेत, त्यांचा विषय आहे हा.


सूक्ष्मदर्शी
मंगळवार, सकाळी ७:४०

आले. (इंदिरानगरची, सध्या पीएचडीसाठी बाहेर. उंदरांच्या मेंदूवर काम करते, पेशंट बघत नाही हे आधीच सांगते.)

दादा, तुमचा प्रश्न खरंच चांगला आहे. मेलेली पेशी परत येत नाही. तुमचं नाव सकाळी परत येतं, म्हणजे ते पुसलं गेलेलं नाही, तिथपर्यंत पोचायची वाट अधूनमधून लागत नाहीये. तुमच्या डॉक्टरांच्या त्या एका वाक्यात हेच आहे.

मेंदूत साधारण ८६०० कोटी चेतापेशी. पण दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये फट असते, २० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या हिश्श्याएवढी. अलीकडची पेशी त्या फटीत एक रसायन सोडते, पलीकडची ते झेलते आणि निरोप पुढे जातो. ह्या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. एकेका पेशीवर असे हजारो सांधे. आणि आठवण म्हणजे एखाद्या पेशीत ठेवलेली चिठ्ठी नाही बरं का, ती ह्या सांध्यांच्या कमीजास्त जोरात असते. १९७३ साली ब्लिस आणि लोमो ह्या दोघांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलं की एका वाटेवरून पटापट निरोप पाठवले की ती वाट पुढे तासन् तास जास्त जोरात चालते. पायवाट जशी चालून चालून पडते तसं.

आता आजाराकडे. अलॉइस अल्झायमर ह्या जर्मन डॉक्टरने १९०६ मध्ये एका बाईच्या मेंदूत दोन गोष्टी दाखवल्या, पेशींच्या बाहेर साचलेले गोळे आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. गोळे अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे, गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा. पुढे कित्येक वर्षं सगळ्यांचं लक्ष त्या गोळ्यांवरच. पण हिशोब जुळेना. मेंदूत भरपूर गोळे असलेली म्हातारी माणसं शेवटपर्यंत ठणठणीत बोलायची, आणि कमी गोळेवाला घर विसरलेला. १९९१ मध्ये रॉबर्ट टेरी आणि मंडळींनी मेंदूच्या पुढच्या भागातले सांधे किती उरलेत ते मोजलं आणि ते मात्र माणूस किती विसरला त्याच्याशी सगळ्यात चांगलं जुळलं. २००२ मध्ये डेनिस सेल्को ह्यांनी सरळ म्हटलं की अल्झायमर हा मुळात सिनॅप्स निकामी होण्याचा आजार आहे.

म्हणून सकाळ-संध्याकाळ. सांधा तुटण्याआधी कमजोर होतो. कमजोर सांधा दहातले सहा निरोप पोचवेल, चार नाही (आकडे नुसते समजायला). झोप झालेली, घरात शांतता, नेहमीची वेळ, नेहमीचा प्रश्न, तेव्हा आजूबाजूच्या वाटा मदत करतात आणि तुमचं नाव सापडतं. दिवसभराच्या थकव्यानंतर, अंधारात, हेल्मेट काढत आलेला माणूस... नाही सापडत.

आईंना सांगा, नाटक करायला उलट खूप सांधे लागतात.


जेलरोडकर
मंगळवार, सकाळी ८:१५

ताई, शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं. काही बोलली नाही. पण आज पपांच्या ताटात पहिली पोळी तिने वाढली, महिनाभर मीच वाढत होतो.


निफाडचा_बागायतदार
मंगळवार, दुपारी १:३०

राम राम. मला एक सांगा ताई, जोडणी तुटते हे कळलं. पण तोडतंय कोण? आमच्या द्राक्षाच्या बागेत वेल वाळला तर आधी बघतो मुळाला किडा लागला का काडीला रोग, का कोणी टिकाव मारला. इथं काय हाये?


सूक्ष्मदर्शी
मंगळवार, रात्री ९:५०

काका, तिन्ही आहे म्हटलं तरी चालेल.

पहिलं, अमिलॉइड बीटा. मोठ्या गोळ्यांपेक्षा ते व्हायच्या आधीचे बारीक, विरघळलेले झुपके जास्त वाईट असं आता बरेच जण मानतात. ते सांध्यापाशी गोंधळ घालतात. ग्लुटामेट नावाचं रसायन फटीतून वेळेवर उचललं जात नाही, झेलणाऱ्या पेशीचे झेलायचे हात आत ओढले जातात, आणि जिथे सांधा बसतो तो बारीक काटा (खरंच काट्यासारखा दिसतो, मी रोज बघते) आखडत आखडत नाहीसा होतो. ह्या टप्प्याला पेशी जिवंतच असते.

दुसरं, टाऊ. पेशीची शेपटी लांबलचक, तिच्यातून माल न्यायला आत रूळ असतात. टाऊचं काम ते रूळ धरून ठेवायचं. आजारात टाऊ रुळावरून सुटतं आणि एकमेकांत गुंततं. माल टोकापर्यंत पोचत नाही, आणि सांधा असतो टोकाला. हा गुंता सुरू होतो हिप्पोकॅम्पसच्या दारातल्या भागापासून, मग हिप्पोकॅम्पस, मग बाहेर पसरत जातो. ब्राक ह्या नवरा-बायकोंनी १९९१ मध्येच ह्याचे टप्पे लावले. म्हणून आधी नवीन गोष्टी जातात. मेथी आणली होती ते जातं, प्रेसमधला पहिला दिवस राहतो.

तिसरं तुम्हाला सगळ्यात लवकर कळेल. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, त्या छाटणी करतात. लहानपणी मेंदू लागतील त्यापेक्षा जास्त सांधे तयार करतो आणि मग नको असलेल्यांवर खूण होते, खूण दिसली की मायक्रोग्लिया ते खाऊन टाकतात. चांगलंच असतं ते, तुमच्या बागेसारखं. २०१६ मध्ये बेथ स्टीव्हन्स ह्यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की अल्झायमरसारख्या स्थितीत ह्याच जुन्या खुणा, सी१क्यू वगैरे, चांगल्या सांध्यांवर परत पडायला लागतात आणि छाटणी पुन्हा सुरू होते. गोळे दिसायच्याही आधी. त्यांनी खूण करणारं प्रथिन अडवलं तर सांधे वाचले. पण उंदीर आहेत हे विसरू नका, माणसांचं औषध अजून त्यातून आलेलं नाही.


निफाडचा_बागायतदार
मंगळवार, रात्री १०:२५

हां! म्हंजे एप्रिलची खरड छाटणी ऑक्टोबरात मारली. एप्रिलमध्ये सगळं खरडायचं असतं, नवीन काडी यायला. ऑक्टोबरात त्या काडीवर डोळे मोजून छाटायचं, घड तिथंच येतो. एखाद्या सालाला नवीन मजूर आले आणि मी नव्हतो शेतात, अर्धा एकर नुसतं खरडून ठेवलं. वेल जिता. द्राक्ष शून्य. हात तेच, कात्री तीच, वेळ चुकली ना.

वडील गेले माझे ह्याच्यातच, आम्हाला तेव्हा नावही माहीत नव्हतं. चळ लागला म्हणायचे गावात.


आयुष्यमान_७१
बुधवार, सकाळी ६:१०

एवढं पाश्चात्त्य वाचून काय होणार. ब्राह्मी तूप, रोज सकाळी दोन चमचे खोबरेल, २१ दिवसांत स्मृती परत. माझ्याकडे पूर्ण पोस्ट आहे, पाठवतो.


औषधवाला_भाऊ
बुधवार, सकाळी ९:००

काका पोस्ट नका पाठवू, माझ्याकडे अकरा वेळा आलीय. तूप खाऊ द्या, डायबेटिस-कोलेस्टेरॉल सांभाळून. पण २१ दिवसांच्या नादात चालू गोळी बंद करतात लोक आणि मग माझ्या काउंटरवर येऊन रडतात, हे दरवर्षी बघतो.

जेलरोडकर दादा, पपांना डोनेपेझिल दिली असेल बहुतेक. तिचं सांगतो. आठवणीच्या कामाला ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन लागतं, ह्या आजारात ते सोडणाऱ्या पेशी कमी होतात. फटीत एक एन्झाइम असतं जे ते रसायन लगेच तोडून टाकतं. डोनेपेझिल त्या एन्झाइमला अडवते, मग उरलंसुरलं रसायन जास्त वेळ टिकतं. गेलेला सांधा परत येत नाही पण आहे त्याच्यातून थोडं जास्त काम निघतं. मेमँटिन ही दुसरी गोळी, ती वर ताईंनी सांगितलेल्या ग्लुटामेटच्या सततच्या गोंगाटाला आवर घालते. दोन्हींनी आजार थांबत नाही, हे आधीच मनाशी पक्कं करा म्हणजे तीन महिन्यांनी काही फरक नाही म्हणून चिडचिड होत नाही. सुरुवातीला मळमळ-जुलाब होऊ शकतात, आणि नाडी आधीच मंद असेल तर डॉक्टरांना सांगाच. मनाने बंद करायची नाही.

आणि हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. सर्दीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या, क्लोरफेनिरामिनवाल्या, किंवा वारंवार लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, ह्या नेमक्या ॲसिटिलकोलीनच्या विरुद्ध काम करतात. एका हाताने डोनेपेझिल आणि दुसऱ्या हाताने सर्दीची गोळी म्हणजे एक नळ उघडा आणि एक बुच काढलेलं. पपांची सगळ्या गोळ्यांची पिशवी, अक्षरशः पिशवी, एकदा डॉक्टरांसमोर टेबलावर ओता.


ओपीडीनंतर
बुधवार, रात्री ११:३०

मी जनरल प्रॅक्टिसवाला, मेंदूविकारतज्ज्ञ नाही. सूक्ष्मदर्शी यांनी छान लिहिलंय पण थोडं आडवं बोलतो.

संध्याकाळचं बिघडणं सगळं सिनॅप्सच्या खात्यावर टाकू नका. मेंदूत शरीराचं घड्याळ असतं, ह्या आजारात तेही बिघडतं. त्यात भूक, तहान, दुपारी झालेली जास्त झोप, कमी दिसणं, आता थंडीत सहालाच अंधार. ट्यूबलाइट साडेपाचलाच लावा, सावल्या नकोत. चहा-खाणं साडेचारला. फुकटचे उपाय आहेत, करून बघा.

दुसरं. एका दिवसात खूपच चढउतार, म्हणजे तासाभरात स्पष्ट आणि तासाभरात पूर्ण गोंधळ, शिवाय नसलेली माणसं-मुलं दिसणं, चालताना अंग ताठ होणं, असं असेल तर तुमच्या डॉक्टरांना मुद्दाम सांगा. लेवी बॉडी नावाचा वेगळा प्रकार असतो, त्यात आकांडतांडव शांत करायला दिलेली हॅलोपेरिडॉलसारखी औषधं फार महागात पडतात. आणि बी१२, थायरॉइड तपासलंय ना? नसेल तर करून घ्या.

तुमच्या पहिल्या डॉक्टरांच्या वतीने माफी मागतो, आमच्यात हे होतं. २०२३ च्या एका अंदाजात देशात साठीच्या पुढचे ७.४ टक्के लोक, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास, डिमेन्शियाने (स्मृतिभ्रंशाने) ग्रासलेले निघाले. अल्झायमर हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. वय झालं की होतंच म्हणून सोडून द्यायचे दिवस गेले.


सूक्ष्मदर्शी
गुरुवार, सकाळी ७:३०

मान्य डॉक्टर, घड्याळाचं माझ्याकडून राहिलंच. प्रयोगशाळेतल्या माणसाला सगळीकडे सिनॅप्सच दिसतात.


जेलरोडकर
गुरुवार, सकाळी ८:२०

डॉक्टर, बी१२ कमी होतं, इंजेक्शनं झाली. थोडा तरतरीतपणा आला, विसरणं तसंच. नसलेली माणसं दिसत नाहीत, चालणं पण ठीक आहे. ट्यूबलाइटचं आजपासून करतो.


मावशी_गंगापूररोड
गुरुवार, दुपारी ३:१५

मी शास्त्रातली नाही पण सासूबाईंना नऊ वर्षं सांभाळलं म्हणून लिहिते. त्या मूळच्या सटाण्याकडच्या, लग्न होऊन नाशिकला आल्या आणि पन्नास वर्षं शुद्ध मराठी बोलल्या, आमच्या घरात अहिराणीचा एक शब्द कधी ऐकला नव्हता कारण सासऱ्यांना आवडायचं नाही, आणि आजाराच्या चौथ्या की पाचव्या वर्षी एक दिवस मला म्हणाल्या "तू कोन शे बेटा?" मी सून, मला आधी वाईट वाटायचं ते वाटलंच पण मग लक्षात आलं की अहो ह्या बेटा म्हणाल्या, नऊ वर्षांत काय त्याआधीच्या वीस वर्षांतही कधी म्हणाल्या नव्हत्या. पुढे मराठी गेलीच हळूहळू. अहिराणी शेवटपर्यंत राहिली, जात्यावरच्या ओव्या तर सगळ्यात शेवटी गेल्या. मी मग यूट्यूबवरून थोडी अहिराणी शिकले, हसू नका.

दोन गोष्टी सांगते. एक, "मला ओळखलं का?" हा प्रश्न घरातून हद्दपार करा. येणारा प्रत्येक पाहुणा हाच प्रश्न विचारतो, जशी काही तोंडी परीक्षा, आणि ते बिचारे चेहऱ्याकडे बघत घामाघूम होतात. आपणच आधी सांगायचं, "पपा, मी आलो, तुमचा मोठा, अंबडहून आलो." जी वाट त्यांना सापडत नाही तिच्या टोकाला आपण जाऊन उभं राहायचं.

दुसरं, आजार हळूहळू वाढतो, दोन दिवसांत नाही. एकदा सासूबाई दोन दिवसांत एकदम बिघडल्या, रात्रभर ओरडणं, कपडे काढणं, आम्हाला वाटलं आता शेवटचा टप्पा आला. निघालं लघवीचं इन्फेक्शन. औषधाने आठवड्यात आधीसारख्या. तेव्हा अचानक काही झालं की आधी शरीर तपासा.

आणि आईंना बदली माणूस द्या हो. आठवड्यातून चार तास. मी पहिली पाच वर्षं घेतले नाहीत आणि माझी पाठ अजून त्याचे पैसे वसूल करतेय. कोणाशी बोलावंसं वाटलं तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४५६७.


द्वारका_जाम
गुरुवार, संध्याकाळी ७:००

मावशी __/\__

घाबरून विचारतो, मी ४८ चा. गाडीची चावी रोज शोधतो. सुडोकू सुरू करू का? आणि अमेरिकेतला भाऊ सांगतो तिकडे ह्या आजारावर नवीन इंजेक्शन आलंय, जेलरोडकर दादांच्या पपांना चालेल का?


सूक्ष्मदर्शी
गुरुवार, रात्री १०:१०

चावी कुठे ठेवली हे विसरणं म्हणजे लक्ष नव्हतं. चावी हातात घेऊन ही कशाची असा प्रश्न पडला तर या.

सुडोकूने सुडोकू सुधारतं. त्यापेक्षा तुम्हाला आवडेल अशी गोष्ट सांगते. हैदराबादला सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ डिमेन्शिया पेशंट तपासले, २०१३ मध्ये ते छापून आलं. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजाराची लक्षणं सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसली. आणि शाळेची पायरी न चढलेल्यांमध्येही फरक दिसला, म्हणजे हे नुसतं शिक्षणाचं नाही. समजलं जातं ते असं की जन्मभर दोन भाषांची कसरत करणाऱ्याकडे पर्यायी वाटा जास्त असतात. मेन रोड बंद असला तरी मुरलेला नाशिककर भद्रकालीच्या बोळांतून रविवार कारंज्यावर निघतोच की. पण वाटा तुटायच्या थांबत नाहीत बरं, फक्त अडायला वेळ लागतो.

बाकी कंटाळवाणं आहे तेच खरं आहे. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, व्यायाम, सिगारेट, एकटेपणा, आणि कान! कमी ऐकू येणारा माणूस बोलण्यातून बाहेर पडतो, मेंदूला रोजचा खुराक मिळत नाही. लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात अशा १४ गोष्टी आहेत आणि त्या सगळ्या आयुष्यभर सांभाळल्या तर जगातले जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतात असा हिशोब आहे. हा लोकसंख्येचा हिशोब, एकट्यादुकट्याची गॅरंटी नाही. घरात कोणी चुकलं म्हणून आजार झाला असं तर अजिबातच नाही.

इंजेक्शन म्हणजे लेकानेमॅब किंवा डोनानेमॅब. अमेरिकेत पहिल्याला २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, दुसऱ्याला २०२४ मध्ये. अमिलॉइड खरंच साफ करतात. लेकानेमॅबच्या चाचणीत १८ महिन्यांत घसरण २७ टक्के कमी वेगाने झाली. म्हणजे घसरण होतेच, जरा हळू. गेलेले सांधे उगवत नाहीत, आणि काहींच्या मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होतो म्हणून परत परत एमआरआय लागतात. एकदम सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत ती. घर विकून मागे धावण्यासारखं नाही, हे माझं मत. पण निर्णय तुमच्या मेंदूवाल्या डॉक्टरांशी बोलूनच.


जेलरोडकर
रविवार, रात्री ९:४५

मंडळी, ह्या आठवड्यातलं सांगतो. ट्यूबलाइट साडेपाचला. मी फाटकातूनच ओरडतो "पपा, मी आलो, अंबडहून", शेजारच्यांना वाटतं मला काही झालंय. पाच वेळांत दोनदा "ये" म्हणाले, दोनदा नुसतं बघितलं, एकदा परत आपल्याला. तरी दोन.

आज गंगेवर नेलं होतं. दुतोंड्या मारुतीसमोर उभं राहून एकसष्ट-बासष्टच्या नाही, एकोणसत्तरच्या पुराचं सांगायला लागले, तेव्हा शाळकरी होते ते, पाणी कुठवर आलं, कोण कुठल्या माडीवर चढलं. वीस मिनिटं. एक शब्द अडला नाही. आणि सांगून झाल्यावर मला विचारलं, "आपण प्रेसमध्ये कुठल्या सेक्शनला?" मी म्हटलं मोजणीत. खूश झाले.

आणि एक राहिलं. घरी आल्यावर लेकीच्या जुन्या वहीची सुटी पानं टेबलावर पडली होती. पपांनी उचलली, ठोकून कडा सारख्या केल्या, अंगठ्याने पंख्यासारखी उघडली आणि मोजायला लागले. वेग काय सांगू. ८७ म्हणाले. लेकीने मोजली, ८७. दोन फाटकी होती ती त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवली होती, आम्ही सांगितलं नव्हतं. सकाळी नाश्ता केला की नाही हे ह्या माणसाला सांगता येत नाही. ताई, हे कसं?


सूक्ष्मदर्शी
रविवार, रात्री १०:३०

वा! हाताला लागलेली सवय वेगळ्या वाटेने साठते, मेंदूत खोलवर असलेल्या पेशींच्या पुंजक्यांमध्ये आणि लहान मेंदूत. हिप्पोकॅम्पसवर ती अवलंबून नसते आणि हा आजार तिकडे बराच उशिरा पोचतो. शिवाय ३४ वर्षं रोज चाललेली वाट. मावशींच्या सासूबाईंच्या ओव्या तशाच. त्यांना कागद देत जा. खोटं काम मात्र नको, ते त्यांना कळतं.


निफाडचा_बागायतदार
सोमवार, सकाळी ६:५०

जेलरोडकर दादा, खोटं नको ना, मग खरं घ्या. आता बागेत घडांना पेपर लावायचे दिवस येतील, थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून. कापलेले कागद शंभर-शंभरच्या गठ्ठ्यात लागतात, बायांना वाटून द्यायला. आमच्याकडं मोजणारा रोज वेगळा आणि गठ्ठा रोज वेगळा, कुणाचा ९३, कुणाचा ११०. माझा पुतण्या गुरुवारी नाशिकरोडला येतो, त्याच्याकडं चार हजार पाठवतो. मोजणीचे पैसे देणार, पपांच्या हातात.


जेलरोडकर
सोमवार, सकाळी ७:०५

काका... पाठवा.


निफाडचा_बागायतदार
पुढचा शनिवार, रात्री ८:४०

गठ्ठे आले. चाळीसच्या चाळीस आम्ही परत मोजले, विश्वास नाही म्हणून नाही, बघावं म्हणून. ३९ मध्ये शंभर. एकात ९९, आणि त्याच्याखाली एक फाटका कागद वेगळा घडी करून. सुतळीची गाठ पण सगळ्यांना सारखी. आमच्या बायका म्हणतात हेच काका कायमचे ठेवा. पुढचे सहा हजार गुरुवारी पाठवले तर जमेल का विचारा पपांना, घाई नाही.